संभाव्य प्रश्नांचा रकाना

भोपाळच्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत दर एप्रिलला, नवं वर्ष सुरू होताना, पाठ-योजनेचे कोरे कागद वाटले जातात. उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साहित्य, कृती, मूल्यमापन असे त्यात रकाने असतात आणि सगळ्यांत उजवीकडे एक अरुंद रकाना असतो, 'संभावित प्रश्न'. हा पाठ चालू असताना मुलं काय काय विचारतील, ते शिक्षकाने आधीच ओळखून तिथे लिहायचं. बाकीचे रकाने भरताना मला कधी त्रास झाला नाही. मी पुस्तकात रमणारा माणूस आहे. उद्दिष्टं मला झोपेतसुद्धा लिहिता येतील. तो उजवीकडचा रकाना मात्र मी एकट्याने कधी भरलाच नव्हता, आणि ही गोष्ट यंदाचा एप्रिल उजाडेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती.

तो रकाना माझी बायको भरायची. अर्थात हातात पेन घेऊन नव्हे. आम्ही अशोका गार्डन या वस्तीत राहतो, घराला गच्ची आहे आणि गच्चीवर सकाळपासून भरपूर ऊन असतं. बायको विमा कंपनीच्या कार्यालयात होती, त्यामुळे उन्हाळ्याचं सगळं वाळवण रविवारी व्हायचं. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, मुगाच्या वड्या. प्लॅस्टिकच्या कागदावर ती पळीपळीने पापड्या घालत पुढे सरकायची आणि जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसलेल्या मला म्हणायची, "हं गुरुजी, यंदा काय शिकवताय?"

मग मी पाठ सांगायचो. ती ऐकते आहे असं वाटायचं नाही. मी सिंधू संस्कृतीतल्या गटारांचं कौतुक करत असताना ती पापडीची कड सारखी करत असायची आणि मध्येच विचारायची, "पण ती साफ कोण करायचं?" सम्राटाने दगडावर आज्ञा कोरल्या असं सांगितलं की म्हणायची, "लोकांना वाचता येत होतं का? नाहीतर कशाला एवढा दगड वाया घालवला?" मी ते प्रश्न लिहून घ्यायचो. जिथे तिला जांभई येई तो भाग खोडून टाकायचो. आणि जुलैत सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावरून हात वर व्हायचा, "सर, नाली साफ़ कौन करता था?"

शिक्षकांच्या बैठकीत आमच्या प्राचार्या मॅडम माझा तो रकाना मोठ्याने वाचून दाखवत. "सर के सवाल देखिए, एकदम बच्चों वाले." मी घरी येऊन हे सांगितलं की बायको म्हणायची, "म्हणजे मी सहावीत आहे तर." आणि थोडं थांबून, "इतकी वर्षं तिथेच. वर काही ढकलत नाही तुम्ही मला."

गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

घरात मी आणि सासूबाई उरलो. बायको त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या. त्यांच्या वडिलांचं सरकारी कार्यालय नागपूरहून भोपाळला हललं तेव्हा त्या आईच्या मांडीवर बसून इथे आल्या. नागपूर त्यांनी लग्नकार्यापुरतंच पाहिलेलं, तरी प्रत्येक गोष्टीची तुलना 'आमच्या नागपूरशी' होते. मुलगी गेल्यावर त्यांच्या भावाने त्यांना तिकडे बोलावलं. "नाही बाप्पा," त्या फोनवर म्हणाल्या, "नागपूरचा उन्हाळा आता मला सोसत नाही." भोपाळचा उन्हाळा काही फार सौम्य असतो असं नाही.

आम्ही दोघंही मुळात कमी बोलणारे. आमच्यातलं सगळं बोलणं इतकी वर्षं तिच्यामार्फत चालायचं. सासूबाई तिला सांगत, "जावईबापूंना विचार, भाजीत मीठ कमी आहे का," आणि मी शेजारीच बसलेला असे. आता मधला निरोप्याच नव्हता. "चहा ठेवू?" "ठेवा." एवढ्यावर आमचे दिवस जायचे.

शाळा सुरू झाली. मी सहावीच्या पहिल्या पाठाची योजना लिहिली, 'पृथ्वीवरील स्थाननिश्चिती', अक्षांश आणि रेखांश, म्हणजे हिंदीतलं देशांतर. सगळे रकाने सुंदर अक्षरात भरले. शेवटच्या रकान्यात लिहिलं: अक्षांश किसे कहते हैं? देशांतर किसे कहते हैं?

मॅडमनी कागद परत दिला. "सर, ये सवाल बच्चों के नहीं हैं. ये तो आपके हैं."

मी पुन्हा लिहिला. तोही परत आला. या वेळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं आणि फार मायेने म्हणाल्या, "सर, आप चाहें तो इस साल लाइब्रेरी सँभाल लीजिए. छठी मैं किसी और को दे देती हूँ. आपको आराम रहेगा."

त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. माझ्याकडे पाहून कोणालाही हेच सुचलं असतं. पुस्तकवेडा माणूस, घरी असा प्रसंग, ग्रंथालयाची थंड खोली, खिडकीबाहेर कडुलिंब. मलाही क्षणभर ती खोली दिसली. आणि लगेच दिसलं की त्या खोलीत मला कोणीही काही विचारणार नाही. संध्याकाळी मी घरी जाईन, तिथेही कोणी काही विचारणार नाही.

"मॅडम, छठी मुझे चाहिए," मी म्हणालो. माझ्या मानाने हे फारच मोठ्याने झालं असावं, कारण बाहेरच्या शिपायाने आत डोकावून पाहिलं.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "तो अगले शनिवार को यही पाठ लीजिए. मैं पीछे बैठूँगी. फिर देखते हैं."

घरी रविवार आला आणि गच्ची मोकळी होती. घरात माणूस गेलं की वर्षभर पापड-कुरडया करायच्या नाहीत, लोणचं घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाई ती कडक पाळत होत्या, पण त्यांच्या हातांना ती पाळता येत नव्हती. एप्रिलचं ऊन पाहून त्या खिडकीशी जात, परत येत, उगीच डबे पुसत. मी समोर कागद घेऊन बसलो होतो आणि उजवीकडचा रकाना कोरा होता.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या भाभी आल्या. त्यांच्या शेजारी नवी उंच इमारत झाली आहे, त्यामुळे त्यांच्या गच्चीवर ऊनच पडत नाही. "अम्माँ, आपकी छत पे हमारे पापड़ सुखा लें? बस बंदरों से डर लगता है. कोई देखने वाला चाहिए."

सासूबाई उठल्या. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

मी जरा चाचरत म्हणालो, "आई, पण यंदा आपल्याकडे..."

"करायचे नाहीत असं आहे," त्या म्हणाल्या. "राखायचे नाहीत असं कुठं सांगितलंय?"

अशा तऱ्हेने भाभींचे उडदाचे पापड आमच्या गच्चीवर पसरले आणि त्यांच्या मधोमध, मोडा, म्हणजे वेताचं बैठं आसन, टाकून, हातात काठी घेऊन सासूबाई एखाद्या चौकीवर बसाव्यात तशा बसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही काम असल्याचं समाधान होतं. थोड्या वेळाने त्यांनी खाली हाक मारली, "अहो जावईबापू, वर या. मी एकटी किती बाजू पाहू? खारी येऊन राहिल्या."

मी कागद आणि शाळेतून आणलेला पृथ्वीगोल घेऊन वर गेलो आणि जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसलो. माझ्या नेहमीच्या जागी.

"काय आहे ते?" त्यांनी कागदाकडे पाहून विचारलं.

"पाठ. शनिवारी घ्यायचा आहे. पसंत पडला नाही तर सहावी काढून घेणार आहेत."

"कोण काढून घेणार?"

"मॅडम."

"काहून?"

मी रकान्याचं सांगितलं. तो आधी कसा भरला जायचा ते सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीतच होतं. त्याच गच्चीवर दरवर्षी कीस पसरवायला त्याही असत. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "सांगा मग. मी काही तिच्यासारखी हुशार नाही. पण सांगा."

मी सांगू लागलो. पृथ्वीवर आडव्या-उभ्या रेषा कल्पिलेल्या आहेत, आडव्या त्या अक्षवृत्तांच्या...

"कोणी मारल्या?"

"मारलेल्या नाहीत, कल्पिलेल्या."

"टरबुजावर रेघा असतात त्या दिसतात तरी. या दिसत नाहीत आणि तुम्ही म्हणता आहेत." त्या पापड उलटवू लागल्या. "मला नाही पटलं. पुढे चला."

मी लिहून घेतलं. न दिसणारी रेघ आहे असं कसं मानायचं? मग मी रेखांशांकडे वळलो, अंश, अंशाचे भाग कला, कलांचे भाग विकला, आणि स्थानिक वेळ. हा भाग मी फार मेहनतीने तयार केला होता. पृथ्वीगोल फिरवून मी सूर्य कुठे असेल ते दाखवत होतो आणि चांगलाच रंगात आलो होतो, तेव्हा मागे काहीतरी खसपसलं. एक खार अख्खा पापड तोंडात धरून कठड्यावरून पळाली. सासूबाई मोड्यावर बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या.

"आई, खार!"

त्या दचकून उठल्या, काठी आपटली आणि माझ्याकडे वळल्या. "तुमच्या विकलांपायी पापड गेला! आता भाभीला काय तोंड दाखवू?"

मी विकला खोडल्या. स्थानिक वेळही जुलैवर ढकलली. बायकोची जांभई निदान हळू यायची. ही तपासणी अधिक कडक होती. मी हसत होतो, हे माझ्या लक्षात आलं ते सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या तेव्हा. मग त्याही हसल्या. "आणि खारीला काय, उडदाचे पापड कच्चेच आवडतात वाटतं."

"बरं, आपलं भोपाळ कोणत्या रेघेवर?" त्यांनी विचारलं. आता त्या सावध बसल्या होत्या.

"रेघेवर नाही. कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला आहे. विदिशेच्या रस्त्यावर, सांचीच्या अलीकडे, लागतं बघा. रस्त्यावर आडवे पट्टे मारलेत, बाजूला ओटा बांधलाय."

"जिथं लोक गाड्या थांबवून फोटो काढतात ते?"

"तेच."

"ते होय! मला वाटलं पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता खोदून बुजवलाय." त्यांना आपलंच हसू आलं, आणि मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "मग ती ओलांडली की काय होतं?"

"काही नाही होत."

"काहीच नाही?"

"नाही. काल्पनिक रेषा आहे ती."

"मग हे वर्गात सांगू नका बाप्पा," त्या म्हणाल्या. "हिरमुसतील पोरं."

मी प्रश्न लिहिला, पार करें तो क्या होता है?, आणि त्यापुढे उत्तर सुचेना. खरं तर सुचलं होतं. त्या रस्त्याने आम्ही दोघं स्कूटरवर कितीदा तरी गेलो होतो. ते पट्टे जवळ आले की बायको मागे बसल्या बसल्या दोन्ही पाय उचलायची. प्रत्येक वेळी. मागचं वजन किंचित सरकायचं, स्कूटर जराशी डुलायची, मी ओरडायचो, "अगं पडशील!" आणि पट्टे मागे गेले की ती पाय परत टेकवायची. का उचलतेस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "असू दे की. तुमच्या पुस्तकात नसेल." हे त्या वेळी सासूबाईंना सांगावंसं वाटलं आणि सांगता आलं नाही. मी कागदाची घडी घातली. ऊन कललं होतं. आम्ही पापड गोळा केले.

शनिवारी दुसऱ्या तासाला मॅडम येऊन शेवटच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये, गुडघे आखडून बसल्या. माझा योजनेचा कागद त्यांच्या हातात होता. मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवला आणि बोलायला लागलो. पहिली काही वाक्यं पुस्तकासारखीच आली. मग खिडकीजवळच्या मुलाने हात वर केला.

"सर, लाइन दिखती नहीं है तो पता कैसे चलता है कि है?"

मागे मॅडमनी कागदावर काहीतरी खूण केली. माझा आवाज जरा मोकळा झाला. मी खडू घेतला आणि वर्गाच्या मधोमध, दोन रांगांमधून, जमिनीवर एक लांब रेघ ओढली. अर्धा वर्ग उत्तरेला, अर्धा दक्षिणेला. हे योजनेत नव्हतं. कर्कवृत्त कुठून जातं हे सांगितल्याबरोबर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभीच राहिली.

"सर, हम हर महीने जाते हैं उधर से! मेरे नाना विदिशा में रहते हैं."

"अच्छा? पार करते हैं तो क्या होता है?" मी विचारलं.

"कुछ नहीं होता," ती जरा नाराजीने म्हणाली.

"होता है," मागून एक जण ओरडला. "मेरे पापा रुक के सेल्फ़ी लेते हैं, मम्मी डाँटती हैं."

वर्ग हसला. मुलगी अजून उभीच होती, माझ्याकडे पाहत. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. सर, इतकं मोठं नाव असलेली रेघ ओलांडायची आणि काहीच नाही?

"पैर उठाते हैं," मी म्हणालो.

"क्यों सर?"

"क्यों, ये मुझे भी नहीं मालूम. हमारे घर में उठाते हैं."

हे कारण त्यांना पुरेसं वाटलं. मुलांना घराघरांतल्या अशा गोष्टी चटकन पटतात. मी म्हणालो, समजा ही बस आहे, मी चालक, विदिशेला निघालो आहोत, रेघ आली. आणि आख्ख्या वर्गाने एकदम पाय उचलले. बाकं कुरकुरली, एक डबा खाली पडला, कोणीतरी भोंगा वाजवला. शेवटच्या बाकावर मॅडमचे पाय दिसत नव्हते, पण त्यांच्या दोन्ही बाजूंची मुलं त्यांच्या पायांकडे पाहून खिदळत होती, त्यावरून मी काय ते समजलो.

आवाज जरा थांबल्यावर मी सांगितलं की जूनमध्ये एक दिवस त्या जागी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली थेट पायाखाली जाते. दोन वेण्यांच्या मुलीने पुन्हा हात वर केला.

"सर, तो उस दिन वहाँ पैर उठाएँ, तो परछाईं नीचे पड़ी हुई दिखेगी?"

हा प्रश्न माझ्या रकान्यात नव्हता. माझ्या गच्चीवर कधी कोणी विचारला नव्हता. मी खडू हातात धरून उभा राहिलो आणि मला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचं मी विसरलोच.

तास संपल्यावर मॅडम दाराशी थांबल्या. "छठी आपकी," त्या म्हणाल्या. मग जमिनीकडे बोट दाखवून, "और ये कर्क रेखा भी आप ही पुँछवाइए."

घरी सासूबाई दारातच होत्या. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "काय झालं?" निरोप्याशिवाय, थेट. मी सगळं सांगितलं. पाय उचलण्याचंही सांगितलं, आणि ते कुठून आलं तेही. त्या ऐकत राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "तिचे बाबा तिला सायकलवर मागे बसवून न्यायचे. रेल्वेचं फाटक आलं की सायकल रुळांवर आदळायची. पाय चाकात जातील म्हणून मीच सांगितलं होतं, रूळ आले की पाय उचलत जा." बरणी उघडल्याचा आवाज आला. "मोठी झाली तरी उचलायची. रिक्षातसुद्धा."

भाभींनी राखणीबद्दल पापडांची एक चळत दिली होती. सासूबाईंनी त्यातले दोन भाजले. खायला रीतीची काही हरकत नव्हती. मी मुलीचा सावलीचा प्रश्न त्यांना सांगितला.

"मग दिसते का?" त्यांनी विचारलं.

"पाहायला पाहिजे," मी म्हणालो.

जूनमध्ये तो दिवस आला तेव्हा मी बसने जाऊ म्हणालो, पण सासूबाईंना स्कूटरच हवी होती. शेजारणी नको नको म्हणत राहिल्या. त्यांनी पदर खोचला, पिशवीत पाणी आणि पापड घेतले आणि मागे बसल्या. वाटेत दोनदा थांबून पाय मोकळे केले. त्या दिवशी आभाळ असं भरलं होतं की सावली नावाची वस्तू कुठेच नव्हती, ना आमची, ना झाडांची, ना ओट्याशी फोटो काढणाऱ्या एका जोडप्याची. पट्टे दिसू लागले तसा मी वेग कमी केला.

"गुडघे दुखतात माझे," मागून आवाज आला. "पण तेवढे उचलीन."

मागचं वजन किंचित सरकलं. स्कूटर जराशी डुलली.

"आई, पडाल!"

"तुम्ही समोर पाहा."

पट्टे मागे गेले. त्यांनी पाय टेकवले, खांद्यावरची पकड सैल केली आणि विचारलं, "ओलांडली?"

"ओलांडली."

"मग पोरांना सांगा, काही होत नाही असं नाही म्हणून. आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, सावली राहिलीच आहे पाहायची." थोडं पुढे गेल्यावर, वाऱ्यात मोठ्याने, "आता दुसरा पाठ कोणता आहे तुमचा?"

मी सांगायला सुरुवात केली.